माशांच्या अंगावरचे पांढरे ठिपके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की हे प्रश्न सुरू होतात आणि संक्रांत होईपर्यंत थांबत नाहीत. विचारणारे कुणी मूर्तिजापूरकडचे असतात, कुणी आर्वीचे, कुणी साकोलीचे. टाकी बहुधा दोन फुटी, बैठकीत टीव्हीशेजारी, आणि मासे नागपूर-अमरावतीहून एसटीने आणलेले. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले वातानुकूलित खोली आणि न जाणारी वीज गृहीत धरून लिहिलेले असतात. इथली उत्तरं आपलं विदर्भाचं हवामान, बोअरचं पाणी आणि जाणारी-येणारी लाइन धरून दिली आहेत.

माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आलेत. हाच तो रोग का?

बहुतेक हाच. ठिपके एकसारखे, गोल, उठावदार आणि जास्तीत जास्त एक मिलिमीटरचे असतील, आधी शेपटी-परांवर आणि मग अंगभर वाढत असतील, तर खात्री धरा. मराठीत याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणतात, दुकानदार ‘इक’ म्हणतो. जंतूचं पूर्ण नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. हा बॅक्टेरिया नाही, विषाणूही नाही. अंगभर बारीक केस असलेला हा एकपेशीय परजीवी आहे, आणि त्याचं हे नाव १८७६ पासून चालत आलंय.

औषध आणायला धावण्याआधी एकदा नीट बघा. गोल्डफिशचा नर वयात आला की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काठीवर बारीक पांढरे दाणे येतात. ते तेवढ्याच जागी राहतात, मासा खातो-पितो, मादीच्या मागे लागतो. त्याला काहीही झालेलं नाही. जखमेवर पांढरा कापसासारखा पुंजका असेल तर ती बुरशी किंवा बॅक्टेरियाची लागण. ठिपके अगदीच बारीक, पिवळसर-सोनेरी आणि टॉर्च तिरपी धरल्यावरच दिसत असतील, तर तो ‘व्हेल्व्हेट’ नावाचा दुसरा परजीवी आहे. आणि कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांबद्दल जे वाचायला मिळतं तो विषाणूचा रोग आहे. त्याचा तुमच्या टाकीशी संबंध नाही.

ठिपके एकही नाहीत, पण मासे दगडावर अंग घासून राहिले आणि वर येऊन तोंड मारून राहिले.

हेच जास्त काळजीचं. परजीवी आधी कल्ल्यांत घुसला तर बाहेर ठिपका दिसायच्या आतच मासा गुदमरतो. पर अंगाशी चिकटवून एका कोपऱ्यात थांबणं, मधूनच झटका देऊन खडीवर अंग घासणं आणि कल्ल्यांची घाईघाईने उघडझाप ही पहिली लक्षणं आहेत. मात्र सगळेच मासे एकदम वर आले असतील तर आधी पाण्याचा विचार करा: काल पाणी बदललं होतं का, पंप रात्रभर बंद होता का, खोलीत काही फवारलं का. ही तीन कारणं बसत नसतील आणि आठ-पंधरा दिवसांत नवा मासा आणला असेल, तर ठिपक्यांची वाट न पाहता गरमी आणि मिठाचा उपचार सुरू करा.

टाकी वर्षभर चांगली होती. मग आला कुठून?

नव्या माशाबरोबर, नव्या झाडाला किंवा खडीला चिकटून, दुसऱ्याच्या टाकीतल्या जाळीतून, नाहीतर तलावातून आणलेल्या जिवंत खाद्यातून. हवेतून येत नाही, थंडीतून आपोआप जन्मतही नाही. पण थंडीने माशाची ताकद कमी होते, आणि कल्ल्यांत थोडासा दडून बसलेला परजीवी तेव्हा उसळतो. म्हणून “काहीच नवीन आणलं नाही तरी झाला” असं लोक सांगतात, तेव्हा त्यांचं खोटं नसतं.

बाजारातले बरेच शोभेचे मासे कोलकाता आणि चेन्नईकडून येतात. पिशवीत बांधून रेल्वेने, मग दुकानाच्या गर्दीच्या टाकीत, मग तुमच्या हातात एसटीत. एवढ्या हालअपेष्टांनंतर घरी आल्यावर आठवड्याभरात ठिपके उठले तर नवल नाही.

औषध टाकूनही ठिपके जात नाहीत. औषध बोगस आहे का?

असेलही, पण बहुतेक वेळा औषध बरोबर असतं आणि अपेक्षा चुकीची असते. या रोगात एवढं एक कळलं की बाकी सगळं सोपं होतं, म्हणून जरा सविस्तर.

तुम्हाला दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून त्याचा रस खाणारा परजीवी. वर माशाच्याच कातडीचं झाकण असतं, त्यामुळे पाण्यातलं कुठलंही औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पोट भरलं की तो कातडी फोडून खाली पडतो, खडीला, काचेला, झाडाला चिकटतो, स्वतःभोवती चिकट कवच करतो आणि आत फुटत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे काहीशे, कधी हजारापर्यंत. या कवचातही औषध शिरत नाही. मग कवच फुटून पिल्लं पाण्यात पोहायला लागतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. आणि औषध, मीठ, गरमी, जे काही तुम्ही कराल, त्याने मरतात ती फक्त हीच पोहणारी पिल्लं.

म्हणजे आज औषध टाकलं आणि उद्या ठिपके तसेच दिसले, वाढलेही, तरी औषध फुकट गेलं असं नाही. आज दिसणारे ठिपके गेल्या काही दिवसांत घुसलेले आहेत. ते आपल्या वेळेनेच गळणार. आपल्याला फक्त एवढंच बघायचं आहे की ते गळतील, फुटतील, तेव्हा पाण्यात त्यांचा काळ तयार असेल. दोन दिवसांत फरक दिसला नाही म्हणून औषध बदलणारे आणि चौथ्या दिवशी ठिपके गेले म्हणून थांबणारे, दोघंही इथेच फसतात.

हे चक्र किती दिवसांचं, ते पाण्याच्या गरमीवर ठरतं. २५ अंशांच्या आसपास चार ते सात दिवस. १५ अंशांत दोन आठवड्यांच्या घरात, त्याहून थंड पाण्यात महिनाही लागतो. म्हणून पौषातल्या थंड टाकीत औषध ओतत राहणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी पाणी गरम करा.

“हीटर कायले पायजे? आपल्या इकडं त मे मइन्यात ४६ डिग्री राह्यते!”

मे महिन्यासाठी नकोच आहे. हीटर पाहिजे तो कार्तिक ते माघ. गोंदिया, नागपूर, ब्रह्मपुरी भागात थंडीच्या रात्री पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी २७-२८ वर जातो. कौलारू किंवा टिनाच्या घरात, खिडकीजवळच्या लहान टाकीचं पाणी या चढउताराच्या मागोमाग वरखाली होतं. एकसारखी थंडी गोल्डफिश सोसतो, पण रोजचं हे हेलकावणं त्यालाही मानवत नाही. गप्पी, मोली, एंजल, टेट्रा हे तर गरम पाण्याचेच मासे.

दुसरा धोक्याचा काळ मृगाचा पहिला पाऊस. दुपारपर्यंत अंग भाजणारी हवा आणि संध्याकाळी एकदम गारवा. टाकी कूलरच्या झोतात ठेवणाऱ्यांकडे हा प्रसंग उन्हाळ्यातही रोज घडतो. कूलर माणसांकडे वळवा, टाकीकडे नको.

हीटर घेताना साधारण लिटरला एक वॅट धरा. ५०-६० लिटरच्या टाकीला ५० ते ७५ वॅट, खोली फार गार असेल तर १००. विजेची चिंता करणाऱ्यांसाठी: १०० वॅटचा हीटर सलग दहा तास चालला तर एक युनिट होतं, आणि थर्मोस्टॅट असलेला हीटर सलग चालत नाही. थर्मामीटर मात्र वेगळा घ्या, हीटरवरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको.

आणि एक: टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा. खेड्यातल्या कितीतरी घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण मागे अर्थिंगची तारच नसते. पाणी उपसतानाही हीटर बंद पाहिजे. उघडा पडलेला तापलेला हीटर नंतर पाण्यात बुडला की काच तडकते.

नुसत्या गरमीने रोग जातो का?

पुष्कळदा जातो. ३० अंशांच्या वर या परजीवीची वाढ खुंटते. पाणी हळूहळू चढवा, दिवसाला दोन-तीन अंशांपेक्षा जास्त नको, आणि ३० वर दहा ते चौदा दिवस ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू पाहिजे. चार-पाच दिवसांनंतरही नवे ठिपके येतच असतील तर नुसत्या गरमीवर विसंबू नका, सोबत मीठ घ्या. ३० अंशांतही तग धरणारे काही असतात.

गोल्डफिशला एवढी गरमी पंधरा दिवस देऊ नये. त्याच्यासाठी २६-२७ अंश आणि मीठ.

“टाकीत मीठ टाकलं त चालते का? किती टाकू?”

चालते. माझ्या मते खेड्यातल्या टाकीसाठी हाच पहिला उपाय. स्वस्त आहे, किराणा दुकानात मिळतो, आणि बाटलीवर काय लिहिलंय याचा घोळ नाही. पण अंदाजाने मूठभर टाकायचं नाही, मोजून टाकायचं.

आधी पाणी मोजा. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१ ने भागा, लिटर येतात. २४ × १२ × १२ इंचांची टाकी म्हणजे काठोकाठ ५६ लिटर. पण वरचा रिकामा भाग आणि खडी-दगड वजा केले की खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास भरतं. हिशोब या ४५ चा.

बहुतेक माशांना लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे या टाकीला ९० ग्रॅम. गोल्डफिश, गप्पी आणि मोली लिटरला तीन ग्रॅमपर्यंत आरामात सोसतात. टेट्रा, कोरीडोरस आणि बिनखवल्यांचे मासे (आपल्याकडे ‘शार्क’ म्हणून विकतात तो पंगासही त्यातलाच) यांना एक ग्रॅमवर ठेवा आणि बघत राहा. खडे मीठ घ्या. घरात आयोडीनचंच असेल तरी अडू नका, त्यातलं आयोडीन एवढं कमी असतं की माशाला काही होत नाही. सैंधव, काळं मीठ आणि चाटची पुडी मात्र नको. हसू नका, विचारणारे विचारतात.

सगळं एकदम टाकायचं नाही. ९० ग्रॅमचे तीन भाग करा, प्रत्येक भाग टाकीच्याच पाण्यात तांब्याभर विरघळवा आणि बारा-बारा तासांच्या अंतराने पंपाच्या बुडबुड्यांजवळ ओता. न विरघळलेला खडा माशाच्या अंगावर बसला तर कातडी भाजते. वजनकाटा नसेल तर किराणावाल्याकडून ३०-३० ग्रॅमच्या तीन पुड्या बांधून आणा, तोही एकदा विचारेल कशाला म्हणून.

पाणी उडून गेलं तर मीठ उडत नाही, ते खालीच राहतं. म्हणून आटलेलं पाणी साध्या पाण्याने भरायचं. पण दहा लिटर उपसून दहा लिटर नवं टाकलं, तर त्या दहा लिटरचं २० ग्रॅम मीठ परत टाकायचं. हा फरक विसरला की पंधरा दिवसांत मीठ एकतर दुप्पट होतं नाहीतर संपतं.

मिठाने व्हॅलिसनेरिया आणि इतर नाजूक झाडं कुजतात, गोगलगायी मरू शकतात. झाडांची टाकी असेल तर खाली दोन टबांचा उपाय दिलाय तो बघा.

आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो. पाणीच खारट आहे.

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावांना हा प्रश्न पडतो, आणि रास्त आहे. गावातल्या आरओ प्लँटवाल्याकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असतं. ग्लासभर पाणी नेऊन मोजून घ्या. लिटरला एक ग्रॅम मीठ टाकलं की रीडिंग साधारण हजाराने वाढतं. तुमचं पाणी आधीच १,५०० दाखवत असेल तर लिटरला एक ग्रॅमवर थांबा आणि बाकीचं काम गरमीवर सोपवा. तुमचे मासे त्या पाण्याला सरावलेले असतात, तेव्हा उपचाराच्या नावाने एकदम आरओच्या कॅनचं पाणी ओतू नका. तो झटका रोगापेक्षा वाईट.

दुकानात निळी बाटली मिळते, हिरवी मिळते. कोणती घेऊ?

ज्या बाटलीवर आत काय आहे आणि किती लिटरला किती थेंब हे छापलेलं आहे, ती. नुसतं माशाचं चित्र असलेली नको.

या रोगावर सगळ्यात जास्त वापरतात ते मॅलाकाइट ग्रीन, एकटं किंवा फॉर्मेलिनबरोबर. काम चोख करतं, पण अतिमात्रेने मासाही मरतो आणि गरम पाण्यात त्याचा जोर वाढतो. म्हणून हे औषध टाकाल तेव्हा पाणी २८ अंशांच्या पुढे नेऊ नका. बिनखवल्यांच्या माशांना अर्धी मात्रा. हातमोजे घाला, लहान मुलं आणि गरोदर बाईने बाटलीला हात लावू नये. निळी बाटली बहुतेक मिथिलीन ब्ल्यूची. ती या रोगावर कमजोर आहे आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारते. वेगळ्या टबात ठीक, मुख्य टाकीत नको. दोन्ही रंग टाकीच्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनला जे लागतात ते परत जात नाहीत.

औषध टाकण्याआधी फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. दिवा बंद ठेवा. दोन औषधं एकत्र करू नका. सुटं फॉर्मेलिन आणून घरी मापू नका.

“आमच्याकडं संत्र्याच्या बागेसाठी मोरचूद आणलं आहे. तेच थोडं टाकू का?”

नका टाकू. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि तांबं या परजीवीला खरोखर मारतं, तलावांत वापरतातही. पण मासा मरायची मात्रा आणि परजीवी मरायची मात्रा यांत अंतर फार थोडं असतं आणि ते पाण्याच्या जडपणावर बदलतं. जड पाण्यात चाललेली चिमूट हलक्या पाण्यात सगळी टाकी साफ करते. बोर्डो मिश्रणाच्या काट्यावर दोन फुटी टाकीचं औषध मोजता येत नाही.

पोटॅशियम परमँगनेट, विहिरीत टाकतात ते लाल औषध, त्याचंही तेच. हळदीने पाणी गढूळ होतं आणि फिल्टर भरतो. निंबोळी अर्क माशांना मानवत नाही. लसूण खाद्याला चोळला तर न खाणारा मासा कधी कधी खातो, एवढाच त्याचा उपयोग.

उपचार चालू असताना लाइन गेली तर?

तास-दोन तासांनी काही बिघडत नाही. जास्त वेळ जाणार असेल तर टाकीला तिन्ही बाजूंनी थर्माकोल लावा आणि वर झाकण ठेवून जुनी गोधडी गुंडाळा. हवेला थोडी फट ठेवा. पन्नास लिटर पाणी असं झाकलं तर बऱ्यापैकी टिकून राहतं. पाणी थंड झालं असेल तर उकळतं पाणी टाकीत ओतू नका. बाटलीत भरून, बूच घट्ट लावून ती बाटली टाकीत तरंगत ठेवा.

हवेचं मात्र लवकर बघावं लागतं, विशेषतः पाणी ३० अंशांवर असताना. बॅटरीवर चालणारा लहान पंप मिळतो, तो घेऊन ठेवा. नसेल तर दर थोड्या वेळाने तांब्याने पाणी उचलून वरून धार सोडा. आणि नेहमीचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर लाइन जाताच नळीतून पाणी उलटं पंपात शिरतं.

पाणी किती बदलायचं? बोअरचं थेट चालेल का?

एक दिवसाआड चौथा हिस्सा, आणि तोही वरून नाही. नळी खडीत खुपसून तळातलं ओढा, कवचातले परजीवी तिथेच असतात. प्रत्येक वेळी काढलेली घाण म्हणजे तेवढी पिल्लं कमी.

बोअरचं पाणी थेट नको. थंडीत ते कोमट निघतं हे सगळ्यांना माहीत आहे, १७ अंशांच्या टाकीत ते एकदम गेलं तर माशाला झटका बसतो. शिवाय जमिनीतून ताज्या निघालेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. रात्रभर उघड्या बादलीत ठेवा, मग थर्मामीटर लावून टाकीच्या बरोबरीला आणा. नळयोजनेच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, आणि ती कधी विसरते तर कधी दुप्पट टाकते. वास आला तर दिवसभर उघडं ठेवा, घाई असेल तर बादलीला हायपोचे (क्लोरीन घालवणारं दुकानातलं औषध) एक-दोन खडे.

आजारी मासा एकटाच वेगळा काढला तर?

त्याचा फायदा नाही. पिल्लं टाकीत पसरलेली आहेत, आज एकाच्या अंगावर दिसतात, बाकीच्यांच्या अंगात शिरलेली असतील. उपचार सगळ्या टाकीचा.

झाडं आणि गोगलगायी असलेल्या टाकीत औषध टाकायचं नसेल तर उलट करा. सगळे मासे बाहेर काढा, टाकी माशांविना चालू ठेवा. मासा न मिळाल्याने परजीवी आपोआप संपतो. पाणी २७-२८ अंश असेल तर दोन आठवडे ठेवा, थंड असेल तर महिनाभर.

मासे तोवर टबात. इथे औषधाविना एक जुना उपाय चालतो, मासे थोडे असतील तर. दोन सारखे प्लास्टिकचे टब घ्या, खडी नको. सकाळी पहिल्या टबातून सगळे मासे दुसऱ्यात, संध्याकाळी दुसऱ्यातून पहिल्यात, आठवडाभर. रिकामा टब घासायचा आणि खडखडीत वाळवायचा. अंगावरून गळलेले परजीवी फुटायच्या आत टबाच्या तळाशी वाळून मरतात. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारचं ऊन हे काम करतं. पाणी मात्र दोन्ही टबांत एकाच गरमीचं पाहिजे आणि जाळीही दर वेळी वाळलेली. घरात कुणी हे आठवडाभर इमानाने करणारं असेल तरच सुरू करा.

खाद्य द्यायचं का?

खातील तेवढंच, दिवसातून एकदा. उरलेलं काढून टाका.

ठिपके गेले. आता थांबवू?

शेवटचा ठिपका दिसेनासा झाला त्या दिवसापासून गरम पाण्यात आणखी आठवडाभर, २५ च्या खाली पाणी असेल तर दोन आठवडे. त्यानंतर मीठ एकदम काढू नका, साध्या पाण्याने बदलत बदलत उतरवा. गरमीही तशीच, दिवसाला एक-दोन अंशांनी.

बऱ्या झालेल्या माशांत काही काळ या रोगाची प्रतिकारशक्ती राहते. पण तेच मासे थोडाफार परजीवी सांभाळूनही असू शकतात, म्हणून नंतर नवा मासा टाकला की फक्त त्यालाच ठिपके उठतात.

रोग खरंच हाच आहे हे पक्कं कसं करायचं?

सूक्ष्मदर्शकाखाली. गावच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत असतो तो पुरेसा आहे, आणि विज्ञानाचे सर बहुतेक आनंदाने दाखवतात. नुकताच मेलेला मासा घ्या, काचपट्टीच्या कडेने ठिपक्यावरचा चिकटा हलकेच खरवडा, टाकीच्याच पाण्याचा थेंब टाका आणि शंभरपट मोठं करून बघा. गडद करडा गोळा संथपणे स्वतःभोवती फिरताना दिसेल आणि त्याच्या पोटात घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक. असं दुसरं काही दिसत नाही. तासाभरापूर्वी मेलेल्या माशावर मिळेल, सकाळपासून पडलेल्यावर मिळणार नाही, कारण मासा मेला की परजीवी त्याला सोडून जातो.

जास्त अडलं तर नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माशाला घेऊन गेलं की आधी सगळे बघत राहतात, पण विचारायला हरकत नाही.

सगळे मासे एका रात्रीत मेले. हा रोग एवढा वेगाने मारतो?

एका रात्रीत नाही. असं झालं की मी आधी विचारतो, शेतात फवारणी चालू आहे का. कपाशी-तुरीवरची कितीतरी औषधं, विशेषतः सायपरमेथ्रिनसारखी, माशांना अगदी थोड्या मात्रेत मारतात. फवारून आलेल्या हाताने खाद्य टाकणं, फवारणीच्या ड्रममधून पाणी आणणं, टाकीच्या खोलीत कपडे टांगणं, एवढं पुरतं. मच्छर अगरबत्ती आणि लिक्विडचंही तसंच: एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. गावात धुराची फवारणी होणार असेल त्या दिवशी टाकीवर ओलं कापड टाका आणि तेवढा वेळ पंप बंद ठेवा.

नवे मासे आणताना काय करायचं?

तीन-चार आठवडे वेगळ्या टबात. कुणालाच हे पटत नाही आणि सगळा रोग इथूनच येतो. दुकानात ज्या टाकीतला मासा घ्यायचा तिच्यात एक जरी ठिपक्यांचा दिसला तर त्या टाकीतला कोणताच घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणो. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. थंडीत एसटीने आणताना पिशवी वर्तमानपत्रात आणि शालीत गुंडाळा, खिडकीकडे धरू नका.

शेततळ्यातल्या रोहूलाही असेच ठिपके आहेत. हेच औषध टाकू?

मुळीच नाही. परजीवी तोच असू शकतो, रोहू-कटल्यालाही तो होतो. पण खाण्याच्या माशांत मॅलाकाइट ग्रीन वापरायला मनाई आहे, ते मांसात राहतं. मत्स्यव्यवसाय विभागाला विचारा. आणि घरच्या टाकीची जाळी, बादली शेततळ्यात बुडवू नका, तिकडचीही इकडे आणू नका.

माणसाला होतो का?

नाही. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये, पण ते दुसऱ्या जंतूंसाठी.

मेलेले मासे आणि औषधाचं पाणी कुठं टाकायचं?

मासे पुरून टाका, कोंबड्या-मांजरांना देऊ नका. औषधाचं पाणी गुरांच्या हौदाजवळ, विहिरीजवळ किंवा नाल्यात नको, लांब मोकळ्या मुरमाड जागेवर ओता. मिठाचं पाणी तुळशीला आणि परसातल्या वांग्यांना घालू नका. आणि कंटाळून उरलेले मासे गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात सोडून देणं हे सगळ्यात वाईट. तिथल्या माशांवर ढिवर-भोई बांधवांचं पोट चालतं, तुमच्या टाकीतला रोग त्यांच्या जाळ्यात कशाला. आरोग्य खातं डासांसाठी डबक्यांत गप्पी सोडतं ते वेगळं, आजारी टाकीतले गप्पी त्यासाठीही देऊ नका. टाकी कायमची बंद करायची असेल तर रिकामी करून, खडी पसरून आठवडाभर उन्हात वाळवा, मग कुणालाही द्या.